जहाज परक्याचं, मग आपलं नौदल का गेलं?

४ डिसेंबर २०२३ चे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. मालवणजवळचा तारकर्लीचा किनारा, समुद्रात उभ्या युद्धनौका, डोक्यावरून घोंघावत जाणारी विमानं आणि किनाऱ्यावर तोबा गर्दी. त्या वर्षी नौदल दिनाचा सोहळा मोठ्या नाविक तळाऐवजी कोकणात झाला. त्याच दिवशी राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुढे काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला आणि काही आठवडे महाराष्ट्रात दुसरा विषयच नव्हता.

या दोन तारखांच्या मधे अजून एक गोष्ट घडली. ती आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर फारशी पोचली नाही.

मालवणच्या सोहळ्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, १४ डिसेंबरला, सोकोत्रा बेटाच्या पूर्वेला 'रुएन' नावाचं मालवाहू जहाज सोमाली चाच्यांनी ताब्यात घेतलं. जहाजावर झेंडा माल्टाचा, मालक बल्गेरियन, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे. त्यावर एकही भारतीय नव्हता आणि जहाजातला माल भारतात यायचाही नव्हता. तरीही तीन महिन्यांनी, मार्च २०२४ मध्ये, भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'आयएनएस कोलकाता' या युद्धनौकेने रुएनला गाठलं. चाच्यांनी गोळीबार केला, नौदलाचा ड्रोन पाडला. मग हवाई दलाच्या सी-१७ विमानातून मार्कोस कमांडो त्यांच्या रबरी बोटींसकट समुद्रात उतरवले गेले. जवळपास ४० तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले.

आता मुद्द्याचा प्रश्न. जहाज आपलं नाही, माणसं आपली नाहीत, माल आपला नाही. मग आपल्या करातून चालणारं नौदल तिथे का गेलं? 'माणुसकी म्हणून' हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. खरं उत्तर शोधायला लागलं की नौदल हे नेमकं काय प्रकरण आहे तेही हळूहळू कळायला लागतं.

झेंडा एकाचा, पोट दुसऱ्याचं

आधी व्यापारी जहाजांचं गणित समजून घेऊ. जमिनीवर गाडीची नंबर प्लेट बघून ती कुठली ते कळतं. समुद्रावर तसं नसतं. कंपनी एका देशाची, झेंडा दुसऱ्या देशाचा, माल तिसऱ्याचा आणि खलाशी चौथ्या-पाचव्या देशांचे असा मामला सर्रास असतो. कर आणि नियम सोयीचे म्हणून लायबेरिया, पनामा, मार्शल बेटं, माल्टा अशा देशांत जहाजांची नोंदणी होते. त्यामुळे 'परदेशी जहाजावर हल्ला' अशी बातमी वाचून आपण पुढे स्क्रोल करतो, तेव्हा त्या जहाजाच्या इंजिन रूममध्ये रत्नागिरीचा कुणी असू शकतो.

हे नुसतं म्हणायला म्हणून म्हणत नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक' या जहाजावर चाचे चढले. झेंडा लायबेरियाचा. जहाजावरच्या २१ जणांपैकी १५ भारतीय होते. 'आयएनएस चेन्नई' तिथे गेली आणि सगळे सुटले. त्याच महिन्यात, २६ जानेवारीला, एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर हूथींचं क्षेपणास्त्र आदळलं. झेंडा मार्शल बेटांचा, पण खलाशी २२ भारतीय आणि एक बांगलादेशी. जहाजाला लागलेली आग विझवायला मदत करणारे 'आयएनएस विशाखापट्टणम'चे नौसैनिक होते. सकाळी इथे आपण प्रजासत्ताक दिनाचं संचलन बघितलं, त्याच रात्री तिथे ते आगीशी झुंजत होते.

जगातल्या व्यापारी जहाजांवर काम करणाऱ्यांपैकी साधारण दहातला एक भारतीय आहे. कोकणात आणि गोव्यात हे आकड्यांत सांगायची गरज नाही. तिथे घरटी नाही तरी वाडीतला एखादा 'बोटीवर' असतोच. गोव्यात त्याला 'तारवटी' म्हणतात. त्याच्या पगारावर घर उभं राहिलेलं असतं, बहिणीचं शिक्षण झालेलं असतं.

दुसरी बाजू मालाची. भारताचा परदेशी व्यापार वजनाने मोजला तर सुमारे ९५ टक्के आणि किमतीने मोजला तर जवळपास ७० टक्के समुद्रातून होतो. खनिज तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास तेल आपण बाहेरून आणतो, आणि तेही मुख्यतः जहाजांनीच. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी सुएझ कालव्याचा रस्ता सोडून आफ्रिकेला वळसा घातला. म्हणजे एका फेरीला दहा-बारा दिवस जास्त. इंधन जास्त, विमा जास्त, भाडं जास्त. युरोपला जाणारा माल महागला की तो पाठवणाऱ्या आपल्या निर्यातदाराला झळ बसतेच.

आता रुएनकडे परत या. चाच्यांनी ते जहाज नुसतं खंडणीसाठी ठेवलं नव्हतं. ते त्यांचा तरंगता तळ झालं होतं. किनाऱ्यापासून शेकडो मैल आत जाऊन तिथून दुसऱ्या जहाजांवर छापे घालायचे, अशी त्यांची पद्धत. आज रुएन सोडलं असतं, तर उद्याचं जहाज आपल्या माणसांचं असण्याची शक्यता होती. समुद्रात कुंपण घालता येत नाही, त्यामुळे 'आपल्यापुरतं' असं काही राखताच येत नाही.

चार कामं, एक गणवेश

नौदलाच्या सिद्धांतात त्याची चार कामं सांगितली आहेत. पहिलं अर्थात युद्धाचं. दुसरं मुत्सद्देगिरीचं, म्हणजे मित्रदेशांच्या बंदरांना भेटी, संयुक्त सराव आणि आपण आहोत हे दाखवून देणं. तिसरं पोलिसीचं: चाचे, तस्कर, घुसखोर. चौथं मदतीचं. २०१५ मध्ये येमेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा 'ऑपरेशन राहत'मध्ये जहाजं आणि विमानं मिळून ४,६०० हून अधिक भारतीयांना आणि चाळीसएक देशांच्या सुमारे ९६० नागरिकांना बाहेर काढलं गेलं. कोविडच्या काळात मालदीव, श्रीलंका आणि इराणमधून सुमारे ४ हजार भारतीय नौदलाच्या जहाजांतून घरी आले.

रुएनची कारवाई दिसायला तिसऱ्या खान्यातली, पण तिचा फायदा दुसऱ्या खान्यातही झाला. बल्गेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी भारताचे जाहीर आभार मानले. हिंदी महासागरात संकट आलं तर सगळ्यात आधी कोण धावून येतं, ही चढाओढ सध्या जोरात आहे. २०१७ पासून चीनचा लष्करी तळ आफ्रिकेत जिबूतीला, म्हणजे तांबड्या समुद्राच्या तोंडाशीच आहे. चिनी जहाजं या भागात कायमची फिरतात. अशा वेळी लहान देश कोणाकडे बघणार हे भाषणांवर ठरत नाही. हाक मारल्यावर कोण किती तासांत पोचलं, त्यावर ठरतं.

एक गोष्ट लक्षात घ्या. तांबड्या समुद्रासाठी अमेरिकेने बहुराष्ट्रीय मोहीम उभी केली, त्यात भारत सामील झाला नाही. आपण आपली जहाजं स्वतंत्रपणे पाठवली. पहिल्या १०० दिवसांत १८ घटनांमध्ये ती धावून गेली. हूथींविरुद्धच्या हल्ल्यांत न पडता जहाजांना मदत करायची, असा मधला रस्ता आपण निवडला. तो पटो न पटो, पण तो विचारपूर्वक घेतलेला परराष्ट्र धोरणाचा निर्णय होता. 'शूर जवान' एवढ्या कॅप्शनवर थांबलं तर तो दिसतच नाही.

समुद्र कोणासाठी राखायचा?

हा प्रश्न नवा नाही. भारतीय नौदलाचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाची बदलत गेलेली उत्तरं आहेत.

अधिकृत इतिहासाची सुरुवात सहसा १६१२ पासून होते. त्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं सुरतेला आली आणि कंपनीच्या व्यापाराचं रक्षण करायला एक छोटं दल तयार झालं. त्याचंच पुढे 'बॉम्बे मरीन' झालं. मग बरीच नावं बदलत ते 'रॉयल इंडियन नेव्ही' झालं. म्हणजे समुद्र राखायचा, पण कंपनीसाठी आणि मग साम्राज्यासाठी. याच बॉम्बे मरीनने कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराशी झुंजी घेतल्या. आणि गंमत बघा, आज मुंबईतल्या नौदलाच्या एका तळाचं नाव 'आयएनएस आंग्रे' आहे. ज्यांच्याविरुद्ध लढले, त्यांचंच नाव घरावर! आजचं नौदल असं दोन्हीकडचा वारसा घेऊन उभं आहे. २०२२ मध्ये 'विक्रांत' दाखल होताना नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजांच्या वेळचा लाल क्रॉस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन आला, तेव्हा त्यातला एक हिशेब पूर्ण झाला.

पण या प्रश्नाचं सगळ्यात धारदार उत्तर ध्वजाच्या डिझाइनने दिलेलं नाही. ते तुमच्याच वयाच्या पोरांनी दिलं, आणि तेही मुंबईत. १८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्यातली 'तलवार' ही सिग्नलचं प्रशिक्षण देणारी नाविक संस्था. जेवण निकृष्ट, गोऱ्यांपेक्षा वागणूक हलकी, वरून अधिकाऱ्यांच्या वंशद्वेषी शिव्या. नाविकांनी काम बंद केलं. बघता बघता ते सुमारे ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि २० हजार नाविकांपर्यंत पसरलं. मुंबईचे गिरणी कामगार आणि विद्यार्थी त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले. गोळीबारात शहरातले दोनशेहून अधिक लोक मेले. २३ फेब्रुवारीला, राष्ट्रीय नेत्यांच्या सल्ल्यावरून, नाविकांनी शरणागती पत्करली.

पुढचा भाग पाठ्यपुस्तकात क्वचितच येतो. ज्यांना या बंडासाठी काढून टाकलं गेलं, त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतलं नाही. आणि नौदलाच्या प्रमुखपदी पहिला भारतीय, व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी, यायला एप्रिल १९५८ उजाडलं. म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ ११ वर्षं आपल्या नौदलाचा प्रमुख ब्रिटिश होता. देश एका रात्रीत स्वतंत्र होतो, संस्थांना त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

१९६१ मध्ये गोवामुक्तीच्या कारवाईत अंजदीव बेटावर नौदलाचे सात जण कामी आले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या आणि आपलं नौदल जवळजवळ बघत राहिलं, कारण त्याला पोरबंदरच्या उत्तरेला जायची मुभा नव्हती. ती बोच १९७१ मध्ये निघाली. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपट', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या नौकांचा पल्ला कमी, म्हणून त्यांना दोर लावून ओढत वाटेपर्यंत नेण्याची युक्ती वापरली गेली. नौदल दिन ४ डिसेंबरला का, त्याचं हे कारण. पण त्याच युद्धात, ९ डिसेंबरला, दीवजवळ 'आयएनएस खुकरी' बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. ४ तारीख साजरी करताना ९ तारीख विसरायची नसते.

अभिमान ठीक, हिशेब कुठे?

इथपर्यंत वाचून छाती भरून आली असेल तर छानच. पण हे पान चालू घडामोडींचं आहे, त्यामुळे दुसरी बाजूही बघायला हवी.

पहिली गोष्ट किनाऱ्याची. २,६०० किलोमीटरवरचं जहाज सोडवणारं नौदल २६ नोव्हेंबर २००८ ला कुलाब्याच्या बुधवार पार्कजवळ उतरलेले दहा जण रोखू शकलं नव्हतं. 'कुबेर' हा आपलाच ट्रॉलर पळवून ते आले. दोष एकट्या नौदलाचा नव्हता. पोलीस, तटरक्षक दल, कस्टम्स, सगळ्यांमधल्या फटी होत्या. २००९ मध्ये किनाऱ्यासकट सगळ्या सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी नौदलाकडे दिली गेली. तेव्हापासून कोळी बांधवांना 'डोळे आणि कान' म्हटलं जातं. शब्द चांगले आहेत. पण ज्यांची मासेमारीच घटत चालली आहे आणि ज्यांच्या गावठाणावर बिल्डरचा डोळा आहे, त्यांनी आपलं काम सोडून पाळतही ठेवायची, ही अपेक्षा करताना त्यांना बदल्यात काय मिळतं, हेही विचारायला हवं.

दुसरी गोष्ट अपघातांची. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या नाविक गोदीतच 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट झाला आणि १८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत 'सिंधुरत्न'वर दुर्घटना झाली, तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. डिसेंबर २०२४ मध्ये इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' फेरीबोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. पर्यटकांच्या फेऱ्या चालतात त्याच पाण्यात अशी चाचणी का, हा प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नाही. नौदल शत्रूपासून राखतं हे जितकं खरं, तितकंच त्याच्यापासूनही नागरिक सुरक्षित असायला हवेत.

तिसरी गोष्ट थेट तुमच्या वयाची. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या 'आयएनएस चिल्का'वरून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली. सुमारे २,६०० जण, त्यात २७० हून अधिक मुली. नौदलात शिपाई स्तरावर मुली येण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ते खरंच मोठं पाऊल आहे. पण योजना चार वर्षांची आणि त्यानंतर चारातल्या साधारण एकालाच कायम होता येतं. २०२२ च्या अखेरीस भरती झालेल्या या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीस भरतात. युद्धनौका म्हणजे तरंगता कारखाना असतो. रडार, सोनार, गॅस टर्बाइन ही कामं हाताला बसायला वेळ लागतो. हात बसेपर्यंत निरोपाची वेळ येणार असेल तर नुकसान पोराचं जास्त की जहाजाचं? उत्तर काहीही असो, चर्चा भरतीच्या जाहिरातीपुरती थांबू नये.

पकडल्यानंतर काय?

रुएनची गोष्ट अजून संपलेली नाही. २३ मार्च २०२४ ला 'कोलकाता' ३५ चाच्यांना घेऊन मुंबईला आली आणि त्यांना मुंबई पोलिसांच्या ताब्यात देण्यात आलं. याआधी २०११ मध्ये नौदलाने सोमाली चाचे पकडून आणले होते, तेव्हा देशात चाचेगिरीविरोधी वेगळा कायदाच नव्हता. इतर कलमं लावून खटले चालवावे लागले. २०२२ मध्ये संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा केला, म्हणून या वेळी तो हाताशी होता. कमांडो विमानातून उडी मारतात त्याचा व्हिडिओ होतो. संसदेच्या समितीत कलमांवर झालेल्या चर्चेचा होत नाही. पण दुसऱ्याशिवाय पहिल्याला फारसा अर्थ उरत नाही.

नौदलाच्या कामाची अडचण हीच आहे की ते नीट झालं तर काहीच घडत नाही. जहाज वेळेवर येतं, पेट्रोल पंपावर रांग लागत नाही, वाडीतला 'बोटीवरचा' गणपतीला घरी येतो. न घडलेल्या गोष्टींचा पुतळा उभारता येत नाही आणि रीलही करता येत नाही. म्हणून आपण जे दिसतं त्यावर भांडत बसतो.

तर एक छोटं काम करा. पुढच्या वेळी 'अरबी समुद्रात जहाजावर हल्ला' अशी बातमी आली की हेडलाइनवर थांबू नका. तीन गोष्टी शोधा: झेंडा कोणाचा, खलाशी कोणत्या देशाचे आणि माल कुठून कुठे चालला होता. दोन मिनिटांचं काम आहे. दहापैकी एखाद्या बातमीत तरी तुम्हाला आपल्याकडचा खलाशी सापडेल. मग जहाज परक्याचं असताना आपलं नौदल का गेलं, हा प्रश्न तुम्हाला वेगळ्याच आवाजात ऐकू येईल.